कॉट्सवोल्डमधला नंदी, तांब्याचा घुमट आणि पुण्याचा एक धागा

घाटावरची
मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, लांबलाय, चहा घेऊनच बसा.

आई पुण्याहून इंग्लंडला आलीये उन्हाळ्यापुरती. इथले दोनतीन मोठे वाडे (मी त्यांना वाडेच म्हणते, कंट्री हाऊस म्हटलं की फार्महाऊस वाटतं) दाखवून झाले आणि ती कंटाळली. "सगळीकडे तेच गं, पलंग, पडदे आणि कुणाच्यातरी खापरपणजोबांच्या तसबिरी." मग म्हटलं चल, तुला एक वेगळं दाखवते. कॉट्सवोल्डमधल्या (इंग्लंडातला टेकड्यांचा ग्रामीण भाग) मोरटन-इन-मार्श स्टेशनवर उतरलो, तिथून टॅक्सी. मेंढ्या, हिरवी कुरणं, मधासारख्या रंगाची दगडी घरं, म्हणजे कॅलेंडरवरचं इंग्लंड. आणि मग झाडीतून एकदम हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट, कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या, खाली लांबरुंद छज्जा आणि खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी. आई टॅक्सीतच म्हणाली, "अगं हे तर औरंगाबादकडचं काहीतरी उचलून आणलंय!"

हे सेझिनकोट. साधारण १८०५ च्या सुमाराला उभं राहिलं. बागेत शिरलं की ओढ्यावर पूल आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. वरच्या अंगाला तळं, तळ्याकाठी छोटं देऊळ, देवळात सूर्य. आई नंदीजवळ बराच वेळ उभी होती, मला वाटलं भाविकपणे असेल, तर म्हणते, "याचं तोंड देवाकडे का नाही? आणि पिंड कुठाय? सूर्यापुढे नंदी कुणी ठेवला?" मी म्हटलं आई, हे डेकोरेशन आहे. "ते कळलं गं. पण विचारायचं तरी कुणाला तरी."

आता गंमत ऐका. बाहेरून एवढं सगळं, आणि आत पाऊल टाकलं की हिंदुस्थान गायब. जिना, दिवाणखाना, झुंबरं, सगळं त्या काळच्या फॅशनचं चोख इंग्लिश. म्हणजे पाहुण्याने लांबून घुमट बघून वा वा म्हणायचं आणि जेवायला बसायचं ते इंग्लिश टेबलावरच. एक अष्टकोनी मंडप आहे बाजूला, तिथे मालकाची झोपायची खोली तंबूसारखी, पलंगाला भाल्यांचे खांब. बस, तेवढाच काय तो लष्करी बाज.

घरी येऊन वाचत बसले आणि त्यात दोन रविवार गेले. हे घर एकट्या नबाबाचं (हिंदुस्थानात पैसा करून परतलेल्या इंग्रजाला तिकडे नबाब म्हणायचे) नाहीच, अख्ख्या खटल्याचं काम आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल जॉन कॉकरेलने १७९५ मध्ये ही इस्टेट घेतली आणि तीन वर्षांत तो वारला. मग ती आली भाऊ चार्ल्सकडे. हा कलकत्त्याला पोस्टमास्तर जनरल होता, आणि खरी कमाई पेढीवर. तिसरा भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल, आर्किटेक्ट, घराचा नकाशा त्याचा, १८०६ पासून तो कंपनीचाही सर्व्हेअर. (हो, पेपिस म्हणजे तोच रोजनिशीवाला पेपिस, त्याच्या बहिणीच्या वंशातले हे.) आणि बहीण एलिझाबेथ, तिचं लग्न जॉन बेलीशी, जो बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जचा खाजगी सेक्रेटरी. आता हेस्टिंग्जचं स्वतःचं घर डेल्सफर्ड इथून जवळच आहे आणि ते बांधलं कुणी? याच सॅम्युएलने, १७८८ पासून पुढे. म्हणजे साहेबाचं घर सेक्रेटरीच्या मेव्हण्याने बांधायचं, पैसे भावाच्या पेढीत, जमीन शेजारी शेजारी. आपल्याकडे यालाच सोयरीक म्हणतात ना?

बेलीची मुलगी मेरी हिचं लग्न झालं विल्यम हाउलीशी, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. १८३७ मध्ये पहाटे जाऊन व्हिक्टोरियाला "तू आता राणी" असं सांगणाऱ्या दोघांपैकी एक हाच. कलकत्त्याच्या कचेरीपासून राणीच्या दारापर्यंत पिढी किती लागली? एकच.

एवढंच सांगायचं होतं, पण नंदी डोक्यातून जात नाहीये. कुणाला अजून अशी घरं माहीत असतील तर लिहा.

निळीशाई
भारी लिहिलंयस. ती पेढी म्हणजे नक्की काय भानगड? कंपनीचा नोकर पेढी कशी काढतो? आमच्याकडे सरकारी नोकराने बायकोच्या नावाने झेरॉक्सचं दुकान टाकलं तरी चौकशी लागते.

घाटावरची
@निळीशाई, तेव्हा उलट होतं. पगार नाममात्र, खाजगी व्यापाराची मुभा, त्यावरच सगळे जगायचे. जुळवून सांगते, चुकलं तर कुणीतरी सांगेलच.

समजा तू कलकत्त्याला वीस वर्षं काढलीस आणि गाठीला दोन लाख रुपये आहेत. ते विलायतेला न्यायचे कसे? चांदी घेऊन जहाजात बसणं धोक्याचं. मग कंपनीची हुंडी घ्यायची, म्हणजे कलकत्त्यात रुपये भरायचे आणि लंडनला पौंड उचलायचे. पण कंपनीला अशा हुंड्या भराभर नको असायच्या, त्यावर मर्यादा. मग लोक हिरे न्यायचे, किंवा डच नाहीतर फ्रेंच कंपनीला इथे पैसे द्यायचे आणि युरोपात वसूल करायचे, किंवा माल चीनमधल्या कँटनला पाठवून तिथून हुंडी करायची. हे उपद्व्याप करून देणाऱ्या त्या पेढ्या. लोकांच्या ठेवी व्याजाने ठेवून घ्यायच्या, त्यातून नीळ, अफू, जहाजं यांत पैसा लावायचा आणि साहेब घरी परतला की त्याची रक्कम लंडनला पोचती करायची. चार्ल्स कॉकरेलची पेढी विल्यम पॅक्स्टनबरोबर होती. पॅक्स्टन कोण, तर कलकत्त्याच्या टांकसाळीचा प्रमुख. नाणी पाडणारा आणि पैसे पाठवणारा एकच, म्हणजे बघ.

पॅक्स्टनने वेल्समध्ये मिडलटन हॉल बांधला. आर्किटेक्ट ओळखा.

निळीशाई
सॅम्युएल??

घाटावरची
शाब्बास. ते घर १९३१ मध्ये जळालं, त्या जागेवर आता वेल्सचं राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे.

सातारी_कंदी
या पॅक्स्टनची निवडणूक कुणी वाचली नसेल तर वाचाच. १८०२, कार्मार्थनशायर. भाऊने मतदारांना ११,०७० नाश्ते आणि ३६,९०१ जेवणं घातली, वर २५,२७५ गॅलन एल बियर. एकूण बिल १५,६९० पौंड. आणि पडला. 😂 आमच्या तालुक्यात रश्श्याच्या पंगती मी डोळ्याने पाहिल्यात पण एवढा हिशेब कुणी ठेवला नाही, बंगालच्या टांकसाळीची सवय असणार.

या लोकांना पार्लमेंटात जायची एवढी हौस का, तर जाच होऊ नये म्हणून. क्लाइव्हची चौकशी झाली, हेस्टिंग्जवर खटला १७८८ ते १७९५ सात वर्षं चालला, सुटला पण त्यात कंगाल झाला. ज्याच्याकडे खासदारकी त्याला चार मित्र. विकत मिळणारे मतदारसंघ होतेच, मूठभर मतं असायची.

बोरीबंदर_१८
छान धागा. पण एक खटकलं, नंदीवर सगळे हसतायत आणि पैसा कुठून आला ते एका ओळीत उरकलं. नीळ, अफू असं म्हटलं की काय कळतं? बॅसिल्डन पार्क घ्या, बर्कशायरमधलं. मालक फ्रान्सिस साइक्स. हा १७६५ ते १७६८ मुर्शिदाबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी होता. १७६५ लाच कंपनीला बंगालची दिवाणी मिळालेली, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क. साइक्सने मूळ साऱ्यावर मथोट नावाची पट्टी लावून एवढं उकळलं की लंडनच्या पेपरांत त्याचं टोपणनावच स्क्वायर मथोट पडलं. तो गेला आणि १७६९-७० मध्ये बंगालात दुष्काळ पडला, बंगाली लोक अजून त्याला छियात्तरचा मन्वंतर म्हणतात कारण त्यांच्या शकात ते ११७६ साल. अंदाजे एक कोटी माणसं मेली असं सांगतात. सारा माफ झाला नाही, वसुली चालूच. आणि १७७१ मध्ये साइक्सने बॅसिल्डनची जमीन घेतली. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा, मी काही म्हणत नाही.

मी तिथे गेलोय. गाईडकाका भले माणूस, छताचं प्लास्टर अर्धा तास समजावलं. मुर्शिदाबाद हा शब्द एकदा आला. तोही मी विचारल्यावर.

घाटावरची
@बोरीबंदर_१८ मान्य. खरंच मान्य. मी पण बागेत रमले.

वाड्याचा_वारस
हे सगळं ठीक आहे, पण जरा आरशात बघूया का? १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा त्याच बंगालात काय करत होत्या? अजून तिथे पोरांना झोपवताना बर्गी आले म्हणून गातात, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीने ओडिशा सोडला आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली तेव्हा थांबलं. आमच्या मूळ गावचा वाडा कुठल्या पैशातून उभा राहिला हे मी आजोबांना विचारलं होतं, ते म्हणाले, "मोहिमेतून". मोहीम म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. तेव्हा इंग्रजाच्या घुमटाला नावं ठेवताना आपल्या दिंडीदरवाज्याकडे पण बघा.

शनिवारपेठी
आलं का व्हॉटअबाउटरी, म्हणजे "मग तुमचं काय" म्हणणं! धागा इंग्लंडवर आहे.

वाड्याचा_वारस
मी उत्तर नाही मागितलं, फक्त आठवण करून दिली. आपण राग धरू नये.

बोरीबंदर_१८
नाही, मुद्दा बरोबर आहे, झटकू नका. बर्गींनी बंगालात जे केलं ते भयंकरच होतं. फरक मला दिसतो तो पुढच्या पायरीत. भोसल्यांची लूट नागपूरला आली, तिथे शिपायाला, सावकाराला, गवंड्याला मिळाली. कंपनीने मात्र बंगालच्याच साऱ्यातून बंगालचं कापड आणि रेशीम विकत घेतलं आणि विलायतेला नेऊन विकलं. आधी त्यासाठी बाहेरून चांदी यायची, ती जवळपास बंदच झाली. म्हणजे विणकराला मिळालेली किंमत त्याच्याच भावाकडून गोळा केलेली. लुटून गेलेला घोडेस्वार एक वेळ परवडला, ही हिशेबाची वही परवडत नाही.

वाड्याचा_वारस
हे पटलं. तरी विणकराला विचारलं असतं तर त्याने दोघांनाही शिव्या घातल्या असत्या.

बोरीबंदर_१८
😀 हे मलाही पटलं.

लीड्सची_सून
मी वाचनमात्र असते पण राहवलं नाही. आमच्याकडे हेअरवूड हाऊस आहे, पोरांच्या शाळेची ट्रिप तिथेच, पक्षी बघायला. भारताशी संबंध नाही, ते साखरेचं घर. लॅसेल्स घराणं, कॅरिबियनमधल्या बार्बाडोस वगैरे बेटांवर उसाचे मळे, गुलामांच्या जहाजांत भांडवल, मळेवाल्यांना कर्ज देणं, कर्ज फिटलं नाही की मळा आणि माणसं दोन्ही जप्त. एडविन लॅसेल्सने १७५९ ला घराचा पाया घातला. आर्किटेक्ट यॉर्कचा जॉन कार, आणि @बोरीबंदर_१८ तुमचं बॅसिल्डन पण त्याच जॉन कारचं! साइक्स मूळचा यॉर्कशायरचा, म्हणून गावाकडचा माणूस बोलावला असणार. म्हणजे बंगालच्या साऱ्याला आणि बार्बाडोसच्या साखरेला गवंडी एकच.

गुलामगिरी बंद झाली तेव्हा १८३३ च्या कायद्याने सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना नाही, मालकांना. हेअरवूडच्या अर्लला, म्हणजे याच घराण्यातल्या उमरावाला, १,२७७ माणसांबद्दल २६,३०७ पौंड मिळाले. ट्रिपच्या चिठ्ठीत हे नव्हतं, मी मुलाला घरी सांगितलं. तो म्हणाला, "आणि त्या १,२७७ ना किती मिळाले?" मी म्हटलं शून्य, वर आणखी काही वर्षं तिथेच उमेदवारी म्हणून, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून राबायचं. तो गप्प बसला, मग म्हणाला तिथले पेंग्विन पण कुणीतरी बाहेरून आणलेत ना.

सातारी_कंदी
पोरगं हुशार आहे ताई.

निळीशाई
२०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने (असली जुनी घरं जपणारी संस्था) याच विषयावर रिपोर्ट काढला होता ना? ९३ जागांचा वसाहतींशी नाहीतर गुलामगिरीशी संबंध आहे म्हणून. केवढी बोंबाबोंब झाली होती इकडच्या पेपरात, आमच्या चहाच्या कपात इतिहास कशाला कालवता असा सूर.

बोरीबंदर_१८
चहा पण बाहेरचाच की. 😀

महालक्ष्मी_स्लो
मुंबईकर हात वर करतायत. आमचा गव्हर्नर विसरलात. विल्यम हॉर्नबी, १७७१ ते १७८४. याच्याच नावाचा हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे महालक्ष्मी ते वरळी समुद्र अडवणारा बांध, आणि दादाभाई नौरोजी रोडचं जुनं नाव हॉर्नबी रोड. बांध सारखा कोसळायचा, मग रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि बांध टिकला, ही दंतकथा आजीकडून शंभरदा ऐकलीये, महालक्ष्मीच्या रांगेत उभं राहिलं की पुन्हा ऐकायची.

तर हा हॉर्नबी परत गेला आणि हँपशायरमध्ये समुद्राजवळ हुक नावाच्या ठिकाणी त्याने घर बांधलं, ते मुंबईच्या गव्हर्नमेंट हाऊसच्या धर्तीवर! म्हणजे लोक मुंबईत इंग्लंड बांधत होते आणि याने इंग्लंडात मुंबई बांधली. पुढे ते आगीत गेलं. वडगावचा तह, जानेवारी १७७९, मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून सही करायला लावली तो, तो मानायला नकार देणारा मुंबईचा गव्हर्नर पण हाच.

शनिवारपेठी
अखेर मराठ्यांचं नाव आलं, आता मी लिहितो. @घाटावरची, तुम्ही सेझिनकोटच्या नकाशाचं लिहिलंत पण घुमट, छज्जे, सूर्याचं देऊळ ही अक्कल कुणाची ते राहिलं. थॉमस डॅनिएल. डॅनिएल काका-पुतण्या १७८६ ते १७९३-९४ हिंदुस्थानभर चित्रं काढत हिंडले, नंतर लंडनला त्याच्या मोठमोठ्या छापील चित्रांच्या मालिका काढल्या. सॅम्युएल कॉकरेलने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. भावाला हवं होतं हिंदुस्थानी घर, म्हणून डॅनिएलला सल्लागार घेतलं. तुमच्या नंदीवर सुद्धा त्याचं पत्र आहे चार्ल्सला, त्याचा मथितार्थ असा की प्रत्यक्ष विश्वकर्म्याने सेझिनकोटला डोकावून पाहिलं तरी तो म्हणेल, नंदी आहेत तिथेच राहू द्या. तेव्हा तुमच्या आईंना सांगा, विचारलं होतं, पण थेट विश्वकर्म्याला.

घाटावरची
😂😂 आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "विश्वकर्मा सुतार-लोहारांचा. गुरवाला विचारायला हवं होतं."

शनिवारपेठी
आईंना साष्टांग नमस्कार. आता पुढचं ऐका, हे खास पुण्याचं. याच डॅनिएलचं एक भलंमोठं चित्र १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं, म्हणजे सेझिनकोटचं काम चालू होतं त्याच सुमारास. विषय: पेशव्यांचा दरबार, १७९० चा टिपूविरुद्धचा तह, सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि समोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. हे चित्र आता टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. पण डॅनिएल त्या दरबारात नव्हताच! त्याने ते दुसऱ्याच्या स्केचेसवरून रंगवलं. ती स्केचेस जेम्स वेल्सची. हा स्कॉटिश चित्रकार मॅलेटच्या आश्रयाने पुण्यात होता, नानांची, सवाई माधवरावांची, महादजींची चित्रं त्यानेच काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला, वेरूळची चित्रं अर्धवट टाकून, ती पण डॅनिएलनेच पुढे छापली.

आता सोयरीक. वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केलं. आणि १८०३ मध्ये मॅलेटने विल्टशायरमध्ये विल्बरी हाऊस घेतलं. पुण्यात संगमावर रेसिडेन्सी, तिकडे विल्बरी. सासऱ्याची स्केचेस, जावयाची ऑर्डर, डॅनिएलचा ब्रश, आणि तोच डॅनिएल तिकडे कॉकरेलच्या नंदीवर पत्रं लिहितोय. तुम्ही म्हणालात ना धागा, तो असा शनिवारवाड्यातून जातो.

निळीशाई
बाप रे. अंगावर काटा आला.

आडगावचा_पाहुणा
मॅलेटची पुण्यातली बाई अंबर कौर, तिचं काय? तिच्यापासून त्याला मुलं होती, वेल्सने तिचंही चित्र काढलंय. विल्बरीच्या दिवाणखान्यात सुझॅना. अशी किती घरं असतील जिथे वंशावळीतली एक फांदी कापून मग ती फ्रेम करून लावली.

शनिवारपेठी
बरोबर आहे, ते मी गाळलं, चूक माझी.

डभईकर
शनिवारपेठी काकांनी वेल्सचं सांगितलं तर मी जेम्स फोर्ब्सचं सांगतो, आमच्या गावचा साहेब. मी बडोद्याचा मराठी, आजोळ डभई. फोर्ब्स १७६५ ला सोळाव्या वर्षी मुंबईला कारकून म्हणून आला, १७७५ मध्ये राघोबादादांच्या मदतीला इंग्रज फौज गेली तिच्याबरोबर होता, नंतर डभईचा कलेक्टर. सालबाईच्या तहानंतर १७८३ ला डभई मराठ्यांना परत गेली आणि फोर्ब्सला निघावं लागलं. निरोपाला गावकऱ्यांनी काय हवं विचारलं तर म्हणे पडझड झालेल्या जुन्या हिरा भागोळ दरवाज्याच्या आसपास पडलेले काही कोरीव दगड द्या. लोकांना आश्चर्य वाटलं, याला दगड कशाला हवेत? दिले. ते जहाजातून गेले आणि लंडनजवळ स्टॅनमोरला त्याच्या बागेत अष्टकोनी देवळासारखी बांधणी करून त्यात बसवले.

यात लूट नव्हती हे फोर्ब्सच्या बाजूने सांगायला हवं, त्याने मागितले आणि मिळाले. पण कलेक्टरने मागितलेलं गाव नाही म्हणतं का कधी? आज त्याच हॅरो-स्टॅनमोर भागात गुजराती एवढे की माझ्या मामेभावाला तिथे इंग्लिश बोलायची वेळ दुकानातसुद्धा येत नाही.

सातारी_कंदी
क्लाइव्हचं कुणीच लिहीना. प्लासीनंतर मीर जाफरकडून २,३४,००० पौंड, वर वर्षाला २७,००० ची जहागीर. क्लेअरमाँट या इस्टेटीवरचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं, राहायला मिळालं नाही, १७७४ ला मेला. पण मला भारी वाटते ती मुलाची चाल. एडवर्ड क्लाइव्हने १७८४ मध्ये पोविसच्या अर्लच्या बहिणीशी, हेन्रिएटाशी लग्न केलं. त्यांचं नाव मोठं आणि कर्जही मोठं, यांच्याकडे पैसा. अर्ल बिनलग्नाचा वारला, सगळं भाच्याला, म्हणजे एडवर्डच्या मुलाला, आणि त्या भाच्याने १८०७ मध्ये क्लाइव्ह आडनाव टाकून हर्बर्ट लावलं. पोविस किल्ला वेल्समध्ये आहे म्हणून तांत्रिकदृष्ट्या धाग्याबाहेर, पण टिपूचा छापील चिटाचा तंबू तिथे आहे. एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असताना १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं. तो तंबू नंतर त्या लोकांनी गार्डन पार्टीला वापरला म्हणे.

घाटावरची
@सातारी_कंदी आडनावाचं सेम इकडे! चार्ल्स कॉकरेलने १८०८ मध्ये लॉर्ड नॉर्थविकच्या मुलीशी, हॅरिएट रशाउटशी लग्न केलं, दुसरं लग्न, पुढच्या वर्षी बॅरोनेट झाला (वंशपरंपरागत किताब), आणि मुलाने नंतर आडनाव रशाउट करून घेतलं. म्हणजे कलकत्त्याचं नाव घुमटावर ठेवायचं, पाटीवरून काढायचं.

आणि हो, विसरलेच, तो घुमट बघायला युवराज (पुढे प्रिन्स रीजंट आणि मग राजा चौथा जॉर्ज झालेला) आला होता, आणि मग त्याने ब्रायटनला ते पॅव्हिलियन करून घेतलं. सगळे ब्रायटनला फोटो काढतात, मूळ इथे मेंढ्यांत बसलंय. जाणार असाल तर आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, आधी बघून जा. उतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्या. आम्ही नेली नाही, परतीच्या वाटेवर आई दोनदा बसली.

शनिवारपेठी
जाता जाता एक. वेल्सच्या आधीपासून मॅलेटसाठी पुण्यातच चित्रं काढणारा आपला माणूस होता, गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळची लेणी त्याने मापून काढली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचंही चित्र आहे त्याचं, नोव्हेंबर १७९० चं. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, ऑनलाइन बघता येतात.

घाटावरची
काका, हे आईला दाखवलं. तिचं लहानपण तांबट आळीच्या मागच्याच गल्लीत गेलंय, पहाटेपासून ठोक्यांचा आवाज, त्यावर ती अजून तासभर बोलू शकते. गेंडा झूम करकरून बघितला, साखळी आहे का ते शोधत होती. मग मला विचारलं, "त्या घुमटाचं तांबं कुठल्या आळीतलं गं?" मी म्हटलं इंग्लंडातलंच असेल. "ठोके नीट नव्हते," म्हणाली, आणि परत गेंडा बघायला लागली.